विमानाला दीडपटच मजबुती का? : वाचकांचे प्रश्न

नागपूरच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पात विमानांची देखभाल होऊ लागल्यापासून आणि विमानांचे सुटे भाग तयार होऊ लागल्यापासून नागपूरच्या वाचकांच्या पत्रांत विमानाच्या बांधणीविषयीचे प्रश्न वाढले आहेत. त्यांपैकी मजबुतीच्या हिशेबाशी संबंधित प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी स्थापत्य अभियंता आहे. आरसीसी इमारतीचे डिझाइन करताना आम्ही आयएस ४५६ प्रमाणे भार दीडपट धरतो. विमानाचा सुरक्षा गुणकही, म्हणजे अपेक्षित भाराच्या किती पट मजबुती ठेवायची तो आकडाही, दीडच असतो असे वाचले. लिफ्टच्या दोराला तो आठ ते बारा ठेवतात. मग जमिनीवर उभ्या असलेल्या इमारतीला आणि तीनशे माणसे घेऊन अकरा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानाला एकच आकडा कसा चालतो? — एक वाचक, धंतोली

उत्तर : आपण स्वतः हिशेब करणारे असल्यामुळे आधी आपल्याच बाजूचा हिशेब पूर्ण मांडू. इमारतीत भार दीडपट धरल्यावर आपण तिथे थांबत नाही. काँक्रीटची ताकद पुन्हा १.५ ने आणि पोलादाची १.१५ ने भागून घेता. म्हणजे इमारतीतील प्रत्यक्ष राखीव मजबुती दीडपटीहून बरीच अधिक असते. विमानात अशी दुसरी भागणी नाही. त्यामुळे आपल्याला वाटते त्याहूनही विमानाचे गणित काटेकोर आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

फरक आहे तो त्या दीडपटीच्या खाली काय धरले आहे यात. विमानाच्या अभियंत्यांचा हिशेब लिमिट लोडपासून सुरू होतो. विमानाच्या संपूर्ण सेवाकाळात येण्याची अपेक्षा असलेला सर्वांत मोठा भार म्हणजे लिमिट लोड. मोठ्या प्रवासी विमानासाठी पंखांवरचा हा भार किमान २.५ जी, म्हणजे विमानाच्या वजनाच्या अडीचपट, धरावा लागतो. ३० अंश कलून वळण घेणाऱ्या विमानावर साधारण १.१५ जी इतकाच भार येतो, आणि प्रवाशांना याहून तीव्र वळणाचा अनुभव सहसा येत नाही, हे लक्षात घेतले की अडीच जी किती दूर आहे ते कळते. या लिमिट लोडला विमानात घातक असा कायमचा वाक येता कामा नये. त्याच्या दीडपट भार म्हणजे अल्टिमेट लोड. तो सांगाड्याने किमान तीन सेकंद न मोडता पेलला पाहिजे. वाकला तर चालेल.

दुसरी गोष्ट धातूच्या ताकदीची. आपण काँक्रीटची वैशिष्ट्यपूर्ण ताकद धरता तेव्हा शंभरातील पाच नमुने तिच्याखाली भरतील हे गृहीत असते. विमानात एखादा भाग मोडल्यास त्याचा भार उचलायला दुसरा भाग नसेल, तर त्या धातूची ताकद अशी धरावी लागते की शंभरातील नव्याण्णव नमुने तिच्यावर भरतील, आणि या दाव्याचीही ९५ टक्के खात्री चाचण्यांतून दाखवावी लागते. त्यासाठी धातूच्या प्रत्येक प्रकारच्या, प्रत्येक जाडीच्या पत्र्याचे नमुने तोडून पाहिलेले असतात. जिथे अनिश्चितता अधिक, तिथे दीडपटीवर आणखी गुणक लागतात. सांध्यांच्या फिटिंगला १.१५ चा वेगळा गुणक असतो, ओतीव भागांना त्यांच्या तपासणीच्या दर्जानुसार आणखी वेगळा. केबिनमधील हवेच्या दाबासाठी आधी १.३३ ने आणि मग १.५ ने गुणतात, म्हणजे तिथे गुणक जवळजवळ दोन होतो.

हा दीडचा आकडा अमेरिकेत १९३० च्या दशकात रूढ झाला. त्या काळच्या अॅल्युमिनियम मिश्रधातूंमध्ये कायमचा वाक येण्याचा ताण आणि तुटण्याचा ताण यांचे प्रमाण सुमारे दीडच होते, असे त्याचे एक कारण सांगितले जाते. त्यामुळे लिमिट लोडला वाकणार नाही इतका भाग जाड केला की दीडपट भाराला तो तुटणारही नाही, असे आपोआप जुळून येई. यात शुद्ध गणितापेक्षा अनुभवाचा वाटा मोठा होता, आणि माझ्या मते आकडा इतकी दशके टिकून राहण्याचे कारणही तेच आहे. त्याच्या खालच्या सगळ्या गोष्टी बदलल्या, सुधारल्या. आकडा तसाच ठेवण्यात कोणाचे नुकसान झाले नाही.

लिफ्टचा दोर दहापट जाड केला तर इमारतीचे काही बिघडत नाही. विमानात मात्र पंख जड झाला की तो उचलायला अधिक इंधन लागते, इंधन वाहायला पंख मोठा करावा लागतो, मोठा पंख पुन्हा जड होतो. वजन असे चक्रवाढ व्याजाने वाढत जाते. आठचा गुणक लावलेले विमान धावपट्टी सोडणारच नाही. म्हणून विमानाच्या अभियंत्यांनी जाडी वाढवण्याऐवजी भार, धातू आणि तपासणी यांचे ज्ञान वाढवण्याचा मार्ग धरला.

प्रश्न : बोइंग ७७७ चे पंख मुद्दाम वाकवून मोडल्याची चित्रफीत पाहिली. ते १५४ टक्क्यांना मोडले म्हणून अभियंते आनंदाने ओरडत होते. ते १८० टक्क्यांना मोडले असते तर अधिक आनंद व्हायला नको होता का? — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, बजाजनगर

उत्तर : नाही, तसे झाले असते तर वजन सांभाळणाऱ्या गटाला जाब विचारला गेला असता. ती चाचणी जानेवारी १९९५ मध्ये झाली. पंखांची टोके सुमारे ७.३ मीटर वर उचलली गेली आणि लिमिट लोडच्या १.५४ पट भाराला दोन्ही पंख जवळजवळ एकाच वेळी मोडले. मागणी १.५ ची होती. गणित इतक्या जवळ आले याचा तो आनंद होता. १८० टक्के आले असते तर त्याचा अर्थ, प्रत्येक विमान आयुष्यभर अनावश्यक धातू घेऊन उडणार, असा झाला असता.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. एअरबस ए३८० चा पंख फेब्रुवारी २००६ मध्ये सुमारे १.४५ पटीला, म्हणजे अपेक्षेच्या किंचित आधी, मोडला. लिमिट लोडच्या तो बराच पुढे होता, पण नियम म्हणजे नियम. पंखाला सुमारे ३० किलो वजनाची मजबुती देऊन ती उणीव भरून काढण्यात आली. पावणेतीनशे टनांच्या रिकाम्या विमानात ३० किलो! हिशेबाची चूक किती लहान होती आणि तिची दखल किती गांभीर्याने घेतली गेली, या दोन्ही गोष्टी त्यातून दिसतात.

आपण विद्यार्थी आहात म्हणून बोइंग ७८७ विषयीही वाचावे असे सुचवतो. २००९ मध्ये पहिल्या उड्डाणाच्या तोंडावर पंख जिथे धडाला जोडतो तिथे स्थिर चाचणीत दोष आढळला, आणि उड्डाण डिसेंबरपर्यंत लांबले. मार्च २०१० मध्ये त्याच सांगाड्याने दीडपट भार पेलला. संगणकावरील विश्लेषण उत्कृष्ट असूनही जोडाच्या जागी ते कसे फसते, हे समजून घेण्यासाठी याहून चांगले प्रकरण नाही. याच विमानासाठीचे फ्लोअर बीम टाटा समूहाच्या मिहानमधील कारखान्यात तयार झालेले आहेत.

प्रश्न : उड्डाणात कोणी विमानाचे दार उघडले तर? — गृहिणी, महाल

उत्तर : समुद्रसपाटीहून दहा-अकरा किलोमीटर उंचीवर आतील आणि बाहेरील दाबातील फरकामुळे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे सहा टनांचा जोर असतो. बहुतेक विमानांची दारे अशी बसवलेली असतात की उघडण्यासाठी ती आधी या जोराविरुद्ध हलवावी लागतात. ते माणसाच्या हाती नाही. जमिनीजवळ हा फरक नाहीसा होतो, म्हणून तिथे नियम आणि कर्मचाऱ्यांचे लक्ष यांवर भिस्त असते.

प्रश्न : रॉकेटचा सुरक्षा गुणक विमानापेक्षाही कमी, म्हणजे १.२५, असतो असे रमण विज्ञान केंद्रातील व्याख्यानात ऐकले. आता गगनयानातून माणसे जाणार आहेत. हे धाडस नव्हे का? — शिक्षिका, हनुमाननगर

उत्तर : १.२५ हा मानवरहित रॉकेटसाठीचा सर्वत्र परिचित आकडा आहे. माणसे असतील तेव्हा सामान्यतः १.४ धरतात, अमेरिकेच्या स्पेस शटलचा सांगाडा याच आकड्यावर आधारलेला होता. म्हणजे माणसे असूनही विमानापेक्षा कमीच. याची काही कारणे सरळ आहेत. रॉकेटला वातावरणातून जाताना मोठा भार काही मिनिटेच सोसायचा असतो आणि बहुतेक रॉकेटे एकदाच उडतात, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या झिजेचा प्रश्न नसतो. प्रक्षेपणाच्या दिवशी वरच्या थरांतील वारे फुगे सोडून मोजता येतात आणि भार मर्यादेबाहेर जाणार असेल तर प्रक्षेपण थांबवता येते. विमानाला हे स्वातंत्र्य नाही. नागपूरहून दिल्लीला निघालेल्या विमानाला वाटेतल्या प्रत्येक झोताची मोजणी करून निघता येत नाही. शिवाय रॉकेटच्या सर्वांत वरच्या टप्प्यात एक किलो धातू वाढवला तर जवळजवळ तेवढेच वजन उपग्रहातून कमी करावे लागते.

सगळ्या भागांना एकच गुणक लावतात असेही नाही. नासाच्या मानकांत काचेसाठी तो ३ आणि कंपोझिट, म्हणजे तंतू आणि राळ यांपासून केलेल्या, भागांतील छिद्रे, सांधे अशा नाजूक जागांसाठी २ पर्यंत जातो. काच वाकून इशारा देत नाही, आणि कंपोझिटमध्ये छिद्राच्या कडेला ताण एकवटतो.

पण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर आकड्यात नाही. अंतराळाच्या इतिहासात गुणक लहान होता म्हणून घडलेले मोठे अपघात शोधावे लागतील; गुणक कागदावर भरपूर असताना घडलेला अपघात मात्र लगेच दाखवता येतो. २८ जून २०१५ रोजी स्पेसएक्सचे फाल्कन ९ रॉकेट अंतराळ स्थानकाकडे सामान नेताना उड्डाणानंतर सव्वादोन मिनिटांनी फुटले. दुसऱ्या टप्प्याच्या द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीत हेलियमची टाकी धरून ठेवणारा एक दांडा तुटला होता. कंपनीच्या म्हणण्यानुसार त्याची प्रमाणित क्षमता १०,००० पौंड होती आणि तो सुमारे २,००० पौंडांना तुटला. म्हणजे कागदावर पाचपट मजबुती शिल्लक! नासाच्या स्वतंत्र चौकशीने पुढचे सांगितले : वापरलेला ओतीव भाग विमान-अवकाश दर्जाचा नसून औद्योगिक दर्जाचा होता, आणि तो वापरताना चारपट सुरक्षा गुणक धरावा ही उत्पादकाची सूचना पाळली गेली नव्हती. तुटणारा भाग किती ताकदीचा आहे हे पुरेशा चाचणीने ठाऊक नसेल, तर त्या ताकदीला कोणत्याही आकड्याने भागून काय उपयोग?

दुसरे उदाहरण याहून बोधप्रद आहे, जरी ते सांगाड्याचे नसून रबरी कड्याचे आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर शटल सात अंतराळवीरांसह नष्ट झाले. शटलला जोडलेल्या बूस्टर रॉकेटच्या सांध्यातील ओ-रिंग, म्हणजे ही रबरी कडी, आधीच्या काही उड्डाणांतही उष्ण वायूंनी झिजलेली आढळली होती. ती जास्तीत जास्त त्रिज्येच्या एक-तृतीयांश इतकी झिजली होती, आणि पूर्ण झिजेपर्यंत ती निकामी होत नाही, म्हणून तीनचा सुरक्षा गुणक आहे, असे समर्थन नासात केले गेले. चौकशी आयोगाचे सदस्य असलेले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी हे समर्थन खोडून काढले. त्यांचा युक्तिवाद असा की ती कडी झिजण्यासाठी घडवलेलीच नव्हती. पूल ठरलेल्या भाराखाली अजिबात तडकू नये असा बांधला असेल आणि तुळईत एक-तृतीयांश खोल तडा गेला, तर तिथे तीनपट सुरक्षितता उरलेली नसते. तिथे डिझाइनच फसलेले असते. सुरक्षा गुणकाविषयी इतके नेमके विधान माझ्या वाचनात दुसरे नाही. जी गोष्ट घडणारच नाही असे धरून हिशेब मांडला ती घडली, की त्या हिशेबातील सगळी शिल्लक रद्द होते.

गगनयानाकडे याच दृष्टीने पाहावे. एलव्हीएम-३ रॉकेट माणसांसाठी योग्य ठरवण्याच्या कामात भागांच्या मजबुतीची फेरतपासणी हा एक भाग आहे; रॉकेटच फसले तर अंतराळवीरांचे यान ओढून दूर नेणारी यंत्रणा हा दुसरा. रॉकेट उडत असताना या यंत्रणेची पहिली चाचणी २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथे झाली. चांद्रयान-३ च्या वेळी इस्रोने केलेले बदलही याच जातीचे होते. लँडरचे पाय सेकंदाला २ मीटरऐवजी ३ मीटर वेगाने टेकले तरी टिकतील असे करण्यात आले आणि उतरण्याचे क्षेत्र ५०० मीटर चौरसावरून ४ किलोमीटर लांब, २.४ किलोमीटर रुंद इतके वाढवण्यात आले. गुणक वाढवण्याऐवजी भार किती वाईट असू शकतो याविषयीची कल्पनाच बदलली. मला हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो.

प्रश्न : विमान जुने झाले की दीडपट मजबुती कमी होत होत एकावर येते का? मी नोकरीनिमित्त बरीच जुनी विमाने पाहिली आहेत. — निवृत्त कर्मचारी, सोमलवाडा

उत्तर : हळूहळू, सर्वत्र सारखी कमी होत नाही. ती एखाद्या रिव्हेटच्या छिद्राशी, डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरेत कमी होते, आणि बाकीचे विमान नव्यासारखे राहते. धातूच्या थकव्याचा, म्हणजे फटीगचा, हा स्वभाव आहे.

पहिले जेट प्रवासी विमान कॉमेट यातूनच कोसळले. १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ आणि ८ एप्रिल रोजी नेपल्सजवळ अशी दोन विमाने हवेतच फुटली. एकाची सुमारे १,२९० आणि दुसऱ्याची सुमारे ९०० उड्डाणे झाली होती. लक्षात घेण्यासारखे म्हणजे कॉमेटची केबिन कमकुवत नव्हती. नियमाने केबिनच्या दाबाच्या दुप्पट मजबुती मागितली होती. उत्पादकाने ती अडीचपट धरली होती आणि दुप्पट दाबाची चाचणीही केली होती. केबिनच्या दाबासाठीच्या आजच्या जवळजवळ दुपटीपेक्षाही मोठा गुणक! फार्नबरो येथे एक संपूर्ण विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्या केबिनवर दाब पुन्हापुन्हा चढवला-उतरवला, तेव्हा आधीची उड्डाणे धरून ३,०५७ व्या आवर्तनाला केबिन फाटली. मग एवढ्या मोठ्या गुणकाने आधी फसवले कसे? थकव्याच्या आधीच्या चाचणीसाठी जो नमुना वापरला होता, त्याच्यावर पूर्वीच दुप्पट दाब दिलेला होता. त्या दाबाने खिडक्यांच्या कोपऱ्यांतील धातू किंचित वाकून आतल्या आत असा ताणला गेला, की पुढे तो थकव्याला अधिक टिकू लागला. मजबुती सिद्ध करणाऱ्या चाचणीनेच आयुष्याचा अंदाज खोटा ठरवला.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ च्या छताचा सुमारे साडेपाच मीटरचा भाग उडून गेला. बेटाबेटांतील छोट्या फेऱ्यांमुळे त्या विमानाची ८९,६८० उड्डाणे झाली होती. एक हवाई सेविका मृत्युमुखी पडली. विमान मात्र उतरले. जुन्या विमानांसाठी वय वर्षांत न मोजता उड्डाणांच्या आवर्तनांत मोजावे हे या घटनेने सर्वांना पटवले.

१९७८ पासून अमेरिकेतील नियम चीर असणारच असे धरून चालतात. ती किती वेगाने वाढेल, किती लांबीपर्यंत विमान सुरक्षित भार पेलेल, आणि तिथपर्यंत पोहोचण्याआधी ती किमान एकदोन तपासण्यांत दिसेल की नाही, यावर तपासणीचे वेळापत्रक ठरते. विमानांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या केंद्राच्या (एमआरओच्या) हँगरमध्ये पत्रे उघडून, एडी करंट (धातूत विजेचे भोवरे निर्माण करून चीर शोधण्याची पद्धत) किंवा अल्ट्रासाउंडने सांधे तपासणारा तंत्रज्ञ हा या हिशेबातील तितकाच महत्त्वाचा घटक आहे. तो नसेल तर दीडपट कागदावर राहते.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी नागपूरहून निघालेल्या विमानाला भयंकर हादरे बसले. असा हादरा दीडपटीतील काही भाग खाऊन टाकतो का? आणि ४५ अंशांच्या उन्हात तापलेले विमान कमजोर होत नाही का? — प्रवासी, प्रतापनगर

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर थोडक्यात : अॅल्युमिनियमला या तापमानाचे काही वाटत नाही. कंपोझिट भागांची ताकद ओलावा शोषलेल्या आणि ८० अंशांच्या आसपास तापलेल्या स्थितीत मोजून तीच हिशेबात धरतात. उन्हाचा खरा परिणाम पातळ हवेमुळे उड्डाणासाठी लागणाऱ्या धावपट्टीच्या लांबीवर आणि वजनाच्या मर्यादेवर होतो.

हादऱ्यांसाठी नियमांत स्वतंत्र तरतूद आहे. समुद्रसपाटीजवळ सेकंदाला सुमारे १७ मीटर वेगाचा उभा झोत सोसता आला पाहिजे, उंचीनुसार हा आकडा कमी होत जातो, आणि त्यातून येणारा भारही लिमिट लोडच धरला जातो. उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारे प्रवाह अस्वस्थ करतात, पण बहुतेक वेळा ते अर्ध्या जीचाही फरक पाडत नाहीत. पट्टा न बांधलेला प्रवासी छताला आपटतो तेव्हाही विमान शून्य जीच्या थोडे खाली गेलेले असते. पंख उणे एक जीपर्यंत लिमिट लोडमध्येच असतात. माणसाला इजा होते, सांगाड्याला नाही.

लिमिट लोडच्या आतला हादरा काही खाऊन टाकत नाही. थकव्याच्या हिशेबात त्याची नोंद होते इतकेच. लिमिट लोड ओलांडल्यावर मात्र वरची अर्धी पट वापरायला मिळालेली शिल्लक समजता येत नाही. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या एअरबस ए३००-६०० च्या वैमानिकाने पुढच्या विमानाच्या भोवऱ्यातून जाताना रडर, म्हणजे शेपटीचे सुकाणू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लागोपाठ फिरवले. शेपटीच्या उभ्या पंखावरचा भार अल्टिमेट लोडच्याही पुढे गेला, पंख तुटला आणि जमिनीवरील पाच जणांसह २६५ माणसे दगावली. पंख नियमाने मागितल्याहून अधिक टिकला होता. असे उलटसुलट रडर डिझाइनच्या भारात धरलेलेच नव्हते.

म्हणून तीव्र हादरा किंवा आदळून उतरणे झाले, की वैमानिक लॉगबुकमध्ये नोंद करतो आणि तपासणी होईपर्यंत विमान पुढे जात नाही. उतरण्याच्या भाराचा हिशेब सेकंदाला सुमारे तीन मीटर उभ्या वेगावर केलेला असतो. नोंदीनंतर उड्डाणाची माहिती उतरवून घेऊन किती जी आला ते पाहतात आणि देखभाल पुस्तिकेतील पहिल्या टप्प्यानुसार विमानाच्या बाहेरच्या पत्र्यावरील सुरकुत्या, निघालेले रिव्हेट, इंधनाची गळती, चाकांच्या जोडण्या तपासतात. त्यात काही सापडले किंवा आकडा मर्यादेबाहेर असला तर पॅनेल उघडून दुसरा टप्पा सुरू होतो, आणि प्रवाशांना "तांत्रिक कारणामुळे विलंब" एवढेच सांगितले जाते.